तवंग, डांबरगोळे आणि प्लास्टिकचे कण : पालघर किनाऱ्याच्या पाण्यातील प्रदूषण

पालघर जिल्ह्याचा किनारा वसईच्या खाडीपासून उत्तरेला झाई गावापर्यंत, म्हणजे गुजरातच्या हद्दीपर्यंत जातो. अर्नाळा, दातिवरे, केळवे, माहीम, वडराई, सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, तारापूर, चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू, बोर्डी अशी गावे या किनाऱ्यावर एकामागून एक लागतात आणि त्यांतल्या कितीतरी घरांचे पोट मासेमारीवर चालते. या पाण्यात दोन प्रकारची घाण सतत मिसळत असते. एक तेलाची. ती कधी तवंगाच्या, कधी डांबरगोळ्यांच्या, तर कधी कारखान्यांच्या सांडपाण्यातील तेलकट अंशाच्या रूपात येते. दुसरी प्लास्टिकच्या अशा कणांची, जे बहुतांशी डोळ्यांना दिसतही नाहीत. दोन्हींचे मूळ प्रामुख्याने खनिज तेलातच आहे. दोन्ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि अखेरीस गाळात किंवा माशाच्या पोटात जातात. म्हणून त्यांचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरते.

या घाणीचे पुढे काय होते, हे समुद्राच्या स्वभावावर ठरते. कोकणात दक्षिणेकडे, मालवण-वेंगुर्ल्याला, भरती-ओहोटीतला फरक दोन-अडीच मीटरच्या घरात असतो. उत्तरेला खंबातच्या आखाताकडे जावे तसा तो वाढत जातो. पालघर-डहाणूला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचे अंतर पडते. किनारा उथळ असल्यामुळे ओहोटीला पाणी दूरवर हटते आणि खडक, चिखल, वाळू उघडी पडते. साधारण साडेबारा तासांत भरती-ओहोटीचे एक चक्र पूर्ण होते. भरतीचा प्रवाह मुख्यतः उत्तरेकडे, ओहोटीचा दक्षिणेकडे, म्हणजे दोन्ही किनाऱ्याला साधारण समांतर असतात. त्यामुळे किनाऱ्याजवळ सोडलेली वस्तू उत्तरेकडे काही किलोमीटर जाते, पुन्हा दक्षिणेकडे येते आणि बराच काळ त्याच पट्ट्यात फिरत राहते. समुद्र अथांग आहे, त्यात सोडलेले विरून जाईल, या समजुतीवर सांडपाण्याची व्यवस्था उभी राहिली, पण या किनाऱ्यापुरती ती समजूत खरी नाही. शिवाय येथील पाणी गढूळ आहे. पाण्यात तरंगणारे मातीचे कण तेलाच्या थेंबांना आणि प्लास्टिकच्या तंतूंना चिकटतात, जड होतात आणि खाडीच्या संथ पाण्यात तळाला बसतात. तिवरांच्या मुळांमध्ये हा गाळ सर्वांत जास्त अडकतो.

तेल समुद्रात पडल्यावर लगेच बदलू लागते. कच्च्या तेलातले हलके घटक पहिल्या एक-दोन दिवसांत हवेत उडून जातात. उरलेले तेल पसरत जाते. इंद्रधनुष्यी रंग दाखवणारा तवंग साधारण ०.३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचा असतो. एक मायक्रोमीटर जाडी धरली, तर एका लिटर तेलाचा तवंग हजार चौरस मीटरवर, म्हणजे पाव एकराएवढ्या पाण्यावर पसरतो. त्यामुळे नुसत्या तवंगाच्या आकारावरून किती तेल सांडले याचा अंदाज करणे फसवे असते. लाटांच्या घुसळणीत जड तेलात पाणी मिसळून तपकिरी, दाट लगदा तयार होतो. त्याचे आकारमान मूळ तेलाच्या तीन-चार पट होऊ शकते. ऊन, प्राणवायू आणि तेल खाणारे जिवाणू त्यावर काम करत राहतात. शेवटी जे चिवट अवशेष उरतात, त्यांचे तुकडे होतात, त्यांना वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चिकटतो आणि त्यांचेच डांबरगोळे होतात.

पालघरच्या किनाऱ्यावर हे गोळे मुख्यतः मे ते सप्टेंबर या काळात येतात. त्याचे कारण वारा. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून जमिनीकडे वाहतात आणि पृष्ठभागावर तरंगणारे सारे काही किनाऱ्यावर लोटतात. हिवाळ्यात तेच तेल खोल समुद्रात फिरत असते, फक्त ते दिसत नाही. केळवे, शिरगाव, डहाणू, बोर्डी येथील पुळणींवर पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांचे पट्टे दिसतात. उन्हाने गोळा मऊ होतो आणि पायाला, जाळ्याला, होडीच्या फळीला चिकटतो. मासेमारांना त्याचा त्रास सर्वांत आधी होतो. डांबर लागलेले जाळे रॉकेलने किंवा डिझेलने पुसावे लागते, आणि ते पुसलेले तेल पुन्हा खाडीत जाते.

हे तेल कुठून येते, याचा माग रसायनशास्त्राने काढता येतो. प्रत्येक तेलक्षेत्रातल्या तेलात काही कार्बनी संयुगांचे प्रमाण ठरावीक असते. झीज होऊनही ते फारसे बदलत नाही, त्यामुळे त्यावरून ओळख पटते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यावरचे डांबरगोळे अशा रीतीने तपासले. त्यांच्या अभ्यासातून दोन उगम पुढे आले. एक म्हणजे तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतल्यावर सोडलेले पाणी, दुसरा म्हणजे मुंबई हाय हे तेलक्षेत्र. इराणच्या आखातातून भारताकडे येणारा तेलवाहतुकीचा मार्ग याच समुद्रातून जातो. जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तेलवाहू जहाजाला किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या आत टाक्यांचे तेलकट पाणी सोडता येत नाही. त्यापलीकडे दर सागरी मैलाला ३० लिटरपर्यंत तेल जाऊ देण्याची मुभा आहे. तीसुद्धा जहाज चालू असताना आणि मोजणीचे यंत्र सुरू ठेवूनच. रात्रीच्या वेळी खुल्या समुद्रात हा नियम किती पाळला जातो, हे मे महिन्यापासून पुळणीवर येणारे गोळे सांगतात.

मुंबई हाय हे क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर आहे. तेथे १९७४मध्ये तेल सापडले आणि मे १९७६मध्ये उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून समुद्रतळावर वाहिन्यांचे जाळे पसरले आहे आणि अपघातही झाले आहेत. मे १९९३मध्ये मुंबई हायहून उरणला तेल आणणारी मुख्य वाहिनी फुटली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ या जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, रॅक कॅरियर हे कोळसावाहू जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले आणि त्याच्या इंधनाचा तवंग जुहूपर्यंत आला. पालघरला अगदी दारात आलेली घटना मे २०२१ची आहे. तौक्ते चक्रीवादळात नांगर तुटलेला गाल कन्स्ट्रक्टर नावाचा बार्ज वाहत येऊन वडराईजवळ खडकांत रुतला. त्यावरच्या १३७ जणांना वाचवण्यात आले. माणसे सुटली, पण टाक्यांतले इंधन तसेच राहिले आणि नंतर ते गळून वडराईच्या किनाऱ्यावर आले. समुद्रातील तेलगळतीच्या निवारणाची राष्ट्रीय योजना १९९६पासून अस्तित्वात आहे आणि तिची मुख्य जबाबदारी तटरक्षक दलावर आहे. वादळाच्या दिवसांत मात्र तेल अडवणारे तरंगते अडसर टिकत नाहीत. उथळ, खडकाळ किनाऱ्याजवळ मोठी नौका जाऊ शकत नाही. अशा वेळी तेल किनाऱ्याला लागेपर्यंत फारसे काही हातात राहत नाही.

अपघाताची बातमी होते. रोजच्या गळतीची होत नाही, आणि एकूण भारात तिचाच वाटा मोठा ठरू शकतो. हे समजण्यासाठी बोईसर-तारापूरकडे वळावे लागते.

तारापूरचे नाव देशाला कळले ते अणुवीज केंद्रामुळे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९मध्ये सुरू झाल्या. नंतरच्या दशकात बोईसरजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली आणि वाढत जाऊन तेथे हजाराहून अधिक कारखाने झाले. रंग, रसायने, औषधांचे कच्चे घटक, कापडावरची प्रक्रिया, पोलाद असे त्यांचे प्रकार आहेत. या कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक प्रक्रिया केंद्रात आणून शुद्ध करायचे आणि वाहिनीने नवापूरच्या समुद्रात सोडायचे, अशी रचना होती. केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर होती आणि येणारे पाणी त्याहून अधिक. जास्तीचे पाणी, तसेच काही ठिकाणी थेट सोडलेले पाणी, नाल्यांतून दांडी-नवापूर आणि मुरबे-खारेकुरण या खाड्यांत जात राहिले. मेलेल्या माशांचा खच, पाण्याला येणारा तांबडा-काळा रंग आणि जाळ्यांना येणारा उग्र वास या तक्रारी या गावांना नव्या नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा तारापूर ९३.६९ गुणांसह सर्वांत वर होते.

या प्रश्नाला कायद्याच्या मार्गाने वाचा फोडली ती मासेमारांनी. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. मांगेला हा या किनाऱ्यावरचा प्रमुख मासेमार समाज. न्यायाधिकरणाने तज्ज्ञांची समिती नेमली, सांडपाण्याची तपासणी झाली आणि जानेवारी २०२२मध्ये शंभराच्या आसपास कारखाने व सामाईक प्रक्रिया केंद्र यांनी मिळून शंभर कोटींहून अधिक रुपयांची पर्यावरणीय भरपाई द्यावी, असा आदेश निघाला. दरम्यान ५० दशलक्ष लिटर क्षमतेचे नवे केंद्र आणि सांडपाणी किनाऱ्यापासून अधिक खोल समुद्रात नेणारी लांब वाहिनी ही कामे हाती घेण्यात आली. क्षमता वाढणे गरजेचेच होते. वाहिनी लांबवण्याचे मात्र गुणगान फार करू नये. तिच्यामुळे नवापूरच्या खडकांवरचा भार हलका होतो, पण एकूण भार तेवढाच राहतो, आणि तो नेमका होड्या जिथे जाळी टाकतात तिथे जातो.

आता रोजचा हिशोब. सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे फक्त १० मिलिग्रॅम आहे असे धरू. हे प्रमाण चांगल्या प्रक्रियेनंतरचे आहे. दिवसाला २५ दशलक्ष लिटर पाण्यातून या हिशोबाने २५० किलो तेलकट अंश समुद्रात जातो, वर्षाला सुमारे ९० टन. चित्रा जहाजातून गळलेले ८०० टन या गतीने नऊ वर्षांत भरतात, तेही एकही अपघात न होता आणि एकही नियम न मोडता. यातला सगळा अंश खनिज तेलाचा नसतो. वनस्पती तेल, चरबी, साबणाचे अंश हेही त्यात मोजले जातात आणि त्यातले बरेचसे जिवाणू लवकर पचवतात. तरीही प्रमाणावर मर्यादा घालणाऱ्या आणि एकूण वजनाकडे न पाहणाऱ्या नियमांची उणीव या साध्या गुणाकारातून दिसते. कारखाने वाढले, पाणी वाढले, तर लिटरमागचे प्रमाण तेच राहूनही समुद्रावरचा भार दुप्पट होतो.

होड्यांचाही यात वाटा आहे. यांत्रिक होडीच्या तळाशी इंजिनाचे गळलेले तेल आणि पाणी एकत्र साचते आणि ते उपसून बाहेर टाकले जाते. इंजिनातून काढलेले जुने तेल बंदरावर घेण्याची सोय नसेल, तर तेही खाडीतच जाते. एका होडीचे तेल थोडे असते, पण सातपाटीसारख्या बंदरात होड्या शेकड्यांनी असतात आणि खाडी अरुंद आहे.

तेलाचा जिवांवरचा परिणाम ते कुठे साठते यावर अवलंबून असतो. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून वर डोकावतात आणि त्यांवरील सूक्ष्म छिद्रांतून हवा घेतात. तेलाचा थर बसला की ती बुजतात आणि झाड हळूहळू वाळते. खाडीच्या चिखलात काही सेंटिमीटर खाली प्राणवायू नसतो, म्हणून तिथे गाडले गेलेले तेल वर्षानुवर्षे कुजत नाही. तेलातील अनेक वलये असलेली सुगंधी संयुगे सर्वांत घातक. त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरतात. माशांचे यकृत या संयुगांचे बऱ्याच प्रमाणात विघटन करू शकते. कालवे आणि तिसऱ्या यांच्यात ती क्षमता फार कमी असते आणि त्या दिवसभर पाणी गाळून अन्न घेतात, त्यामुळे त्यांच्या मांसात ही संयुगे साठत जातात. ओहोटीला खडकांवर कालवे फोडायला आणि चिखलात तिसऱ्या वेचायला जातात त्या प्रामुख्याने बायका. मोठ्या होडीचा मालक जाळे घेऊन दूर जाऊ शकतो. या बायकांना गावाचा खडक सोडून जाता येत नाही. प्रदूषणाचा फटका सर्वांना सारखा बसत नाही, तो असा.

प्लास्टिकच्या कणांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत असे तुकडे व तंतू दाखवून दिले, त्यानंतर हा शब्द रूढ झाला. काही कण मुळातच लहान बनवलेले असतात. प्लास्टिकच्या वस्तू घडवण्यासाठी कारखान्यांना पुरवले जाणारे मसुराच्या डाळीएवढे दाणे हे त्याचे उदाहरण. बाकीचे मोठ्या वस्तू झिजून होतात. सूर्याच्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभाग ठिसूळ होतो, लाटा आणि वाळू त्याचे तुकडे करतात. या तुकड्यांचे पुढे तुकडे होत जातात, पदार्थ मात्र तोच राहतो. एक सेंटिमीटर बाजूचा प्लास्टिकचा घन ०.१ मिलिमीटर बाजूच्या घनांत मोडला, तर दहा लाख कण होतात आणि एकूण पृष्ठभाग शंभर पट वाढतो. पृष्ठभाग वाढणे हेच महत्त्वाचे आहे, कारण तेलकट विषारी द्रव्ये त्याच पृष्ठभागावर चिकटतात.

कोणता कण कुठे जाईल, हे त्याच्या घनतेवर ठरते. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ असते. पिशव्यांचे पॉलिथिन आणि दोरखंडाचे पॉलिप्रॉपिलिन त्याहून हलके, म्हणून ते तरंगते आणि पावसाळी वाऱ्याबरोबर पुळणीवर येते. जाळ्याचे नायलॉन १.१४ आणि कपड्यांचे पॉलिएस्टर सुमारे १.३८ घनतेचे असते. ते बुडते. म्हणजे पुळणीवर दिसणाऱ्या पिशव्या आणि बाटल्या हा प्रश्नाचा दिसणारा भागच आहे. जाळ्यांचे आणि कापडाचे तंतू तळाच्या गाळात असतात, आणि कोळंबी, खेकडे, निवट्या यांचे अन्नही तिथेच असते. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील संशोधकांनी २०१३मध्ये जुहू, वर्सोवा, दादर आणि अक्सा येथील पुळणींवरच्या प्लास्टिकचे मोजमाप प्रसिद्ध केले. याच संस्थेच्या २०२१मधील अभ्यासात ईशान्य अरबी समुद्रात ट्रॉलरने पकडलेल्या कोळंबीच्या आतड्यांत सूक्ष्म प्लास्टिक आढळले आणि त्यात तंतूंचे प्रमाण सर्वाधिक होते. पालघरचा समुद्र याच पट्ट्यात येतो.

तंतूंचे उगम अनेक. कृत्रिम कपडे धुताना ते सुटतात. प्लिमथ येथीलच २०१६च्या एका प्रयोगात सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांपर्यंत तंतू सुटू शकतात असा अंदाज निघाला. नालासोपारा-विरारपासून बोईसरपर्यंत वाढलेल्या वस्तीचे सांडपाणी, कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचे पाणी आणि समुद्रात झिजणारी जाळी, असे सर्व मिळून हे तंतू येतात. प्रक्रिया केंद्र नीट चालले, तर पाण्यातले बहुसंख्य कण गाळात उतरतात. पुढे तो गाळ उघड्यावर पडला, तर पावसाबरोबर ते पुन्हा नाल्यात येतात.

इथे नियमांची दुसरी उणीव दिसते. सांडपाण्यातील तरंगत्या घन पदार्थांची मर्यादा वजनात ठरवलेली आहे, लिटरमागे १०० मिलिग्रॅम. एक मिलिमीटर लांबीचा, १५ मायक्रोमीटर जाडीचा पॉलिएस्टरचा तंतू इतका हलका असतो की एका मिलिग्रॅममध्ये असे सुमारे चार हजार तंतू बसतात. त्या मर्यादेचा एक शतांश भाग जरी अशा तंतूंचा असला, तरी प्रत्येक लिटरमागे चार हजार तंतू समुद्रात जातात आणि अहवालात सारे काही मर्यादेत असल्याची नोंद होते. वजनाच्या तराजूने मोजायची ही वस्तूच नव्हे. ती संख्येने आणि प्रकाराने मोजावी लागते.

मासेमारीच्या साहित्याचा वाटा मान्य करणे अवघड जाते, पण तो आहे. सुती आणि तागाची जाळी गेली, नायलॉन आले, त्याला दोन पिढ्या झाल्या. खडकात अडकून तुटलेले, वादळात वाहून गेलेले किंवा फाटल्यावर टाकून दिलेले जाळे समुद्रात मासे मारत राहते आणि हळूहळू तंतू सोडत राहते. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या जखमी समुद्री कासवांपैकी कित्येकांच्या परांना जाळ्यांचे फास बसलेले असतात. डहाणूला वनविभागाच्या सहकार्याने चालणाऱ्या कासव उपचार केंद्रात अशी कासवे आणली जातात. काहींचा पर कापावा लागतो. केरळमध्ये २०१७पासून कोल्लमजवळच्या शक्तिकुळंगरा बंदरात जाळ्यात आलेले प्लास्टिक होड्या परत किनाऱ्यावर आणतात आणि त्याचा चुरा रस्त्याच्या डांबरात वापरला जातो. सातपाटीला मासेमारांच्या सहकारी संस्थांची जुनी परंपरा आहे. असे काम तिथे कुणाला नव्याने शिकवावे लागणार नाही. होडीमागे पोते आणि बंदरावर ते घेणारी जागा, एवढी सोय लागेल.

तेल आणि प्लास्टिक एकमेकांना भेटतात, तेव्हा दोन्हींचे आयुष्य वाढते. प्लास्टिक पाण्याला दूर सारते आणि तेलाला ओढून घेते. त्यामुळे पाण्यात अगदी विरळ असलेली तेलातील घातक संयुगे कणावर दाट होतात. स्पेनच्या कॅनरी बेटांवरील ला लागुना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२मध्ये तेनेरिफच्या खडकांवर डांबर आणि सूक्ष्म प्लास्टिक एकजीव झालेले थर नोंदवले आणि त्याला प्लास्टिटार असे नाव दिले. डांबरगोळे आणि प्लास्टिक एकाच ऋतूत, एकाच पुळणीवर येणाऱ्या किनाऱ्यांवर असे थर शोधण्यासारखे आहेत. पालघरचा किनारा त्यांत पहिला घ्यावा.

अन्नसाखळीत याचा प्रवास कसा होतो ते पाहावे. पापलेट, म्हणजे २०२३मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झालेला मासा, पाण्यातले सूक्ष्म प्राणी आणि जेलीफिशसारखे मऊ जीव खातो. हे सूक्ष्म प्राणी अन्न म्हणून कणही गिळतात. पापलेटचे उत्पन्न घटण्यामागे लहान पिलांची बेसुमार पकड हे मोठे कारण आहे आणि सगळा दोष प्रदूषणावर टाकणे बरोबर नाही. पण अंडी आणि पिले खाडी-किनाऱ्याच्या उथळ पाण्यात वाढतात त्या अनेक जातींना तेलाचा विरळ अंशही बाधतो, हे प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. खाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने फरक असा की मोठ्या माशाची आतडी काढून टाकली जातात, तेव्हा बरेचसे कणही जातात. जवळा मात्र आतड्यासकट, अख्खा खाल्ला जातो. सुक्या जवळ्याची चटणी हे या भागात गरिबाघरचे रोजचे कालवण आहे. मानवी रक्तात प्लास्टिकचे अंश असल्याचे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२२मध्ये दाखवले. त्याने शरीराची किती हानी होते, हे ठरवण्याचे काम जगभर सुरू आहे. भीतीने मासे सोडण्याचे कारण नाही. माशातली प्रथिने आणि क्षार या भागाच्या आहाराचा कणा आहेत. हे अन्न निर्मळ राखणे ही सांडपाणी सोडणाऱ्यांची जबाबदारी आहे, खाणाऱ्यांची नव्हे.

एकदा पसरलेले सूक्ष्म प्लास्टिक समुद्रातून काढता येत नाही. मे २०२१मध्ये श्रीलंकेजवळ एक्स-प्रेस पर्ल या जहाजाला आग लागली आणि प्लास्टिकचे सुमारे १,६८० टन दाणे समुद्रात गेले. सैनिक आणि स्वयंसेवक महिनोन्‌महिने वाळू चाळत राहिले, तरी दाणे पुढेही येतच राहिले. मे २०२५मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा ३ बुडाले तेव्हा तिरुवनंतपुरमच्या पुळणींवर तसेच दाणे आले. पालघरला हे दूरचे वाटू नये. वाढवण येथील सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे आणि या बंदराला स्थानिक मासेमारांचा दीर्घ विरोध राहिला आहे. बंदर पूर्ण झाल्यावर प्रचंड कंटेनर जहाजे या पाण्यात नित्य येतील. त्यांच्या इंधनाचा आणि मालाचा धोका तेव्हा दारातलाच असेल. जहाजांचे तेलकट पाणी घेणारी यंत्रणा, तेल अडवणारी साधने आणि ती हाताळणारी प्रशिक्षित माणसे बंदराआधी उभी राहिली पाहिजेत.

बाकीचे उपाय उगमाशीच आहेत. कापड कारखान्यांच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यावर बारीक गाळणी, प्रक्रिया केंद्रातल्या गाळाची बंदिस्त विल्हेवाट, बंदरांवर जुने तेल आणि जुनी जाळी घेणारी केंद्रे, आणि सांडपाण्याच्या परवान्यात लिटरमागच्या प्रमाणाबरोबर दिवसाच्या एकूण भाराची मर्यादा. यात तांत्रिकदृष्ट्या अवघड असे काही नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८पासून आणि देशभर जुलै २०२२पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. तिचा उपयोग पिशव्या-पेल्यांपुरता होतो. तंतूंना ती लागू होत नाही. प्लास्टिक प्रदूषणावरचा जागतिक करार करण्याचे २०२२मध्ये ठरले, पण ऑगस्ट २०२५मधील जिनिव्हाच्या बैठकीतही त्यावर एकमत झाले नाही. त्या कराराची वाट पाहत बसण्याचे बोईसरला कारण नाही. दांडी-नवापूर, मुरबे-खारेकुरण आणि सातपाटी या खाड्यांच्या गाळाचे, कालवांचे आणि जवळ्याचे नमुने दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर घेऊन त्यांतील तेल व प्लास्टिक मोजावे, आणि ते आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत. ज्यांचा तो समुद्र आहे, त्यांना तो कसा आहे हे कळण्याचा हक्क आहे.